मादी कुठे ठेवलीस?

कोल्ड क्रीक, मंगळवार, ९ ऑगस्ट

रॉइस,

तू खुशाल असशीलच. दुसऱ्याचा सापळा उघडून माणूस निवांत झोपतो. ती डेव्हिल, मेलेली जनावरं खाणारं ते काळं जनावर, आपोआप सुटली, हे मला सांगू नकोस. त्या नळीच्या सापळ्याचं दार आतून उघडत नाही. आत तिची ओली विष्ठा होती, मांस संपलेलं आणि आमिषाची दोरी कुणीतरी परत बांधून ठेवलेली. बाबांची गाठ. ती या दरीत आपल्या दोघांनाच येते, आणि मी बांधली नाही.

आधी वाटलं, कोकरांपायी मारलीस. रविवारी चर्चच्या चहाला तूच विचारलंस, "सापडली की कुठं धाडणार ग? त्या लंगड्या नरासारखी बेटावर?" मी म्हटलं, "नाहीतर काय तुझ्या पलंगाखाली?" सगळे हसले, तू नाही.

काल तुझी लॉरेल दुकानात भेटली. म्हणे, "वन्सं, हे खुराड्याला कुलूप लावून बसलेत. कोंबड्या माझ्या न्हाणीघरात! आणि रस्त्यावरचे मेलेले कांगारू उचलून आणतात."

म्हणजे जिवंत आहे. बरं झालं.

तुझा माझ्यावर भरवसा का नाही, ते मला ठाऊक आहे. लंगड्याचं खरं काय ते कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. तर माझ्याकडूनही घे. आपला लंगडा नर बेटावर गेलाच नाही. त्याच्या तोंडावर तो चाव्यातून पसरणारा कॅन्सर वाढला होता, जबडा सडलेला, खाता येईना. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कायमचं झोपवायची सुई दिली. धरला मी होता. तू मेंढ्या कातरायला लांब गेलेलास. आल्यावर विचारलंस आणि माझ्या तोंडून बेट निघालं. तू भिंतीवर बेटाचा नकाशा लावलास, तरी मी गप्पच. चुकलं माझं. रडून दाखवणार नाही.

पण ही मादी निरोगी आहे. गेल्या महिन्यात बाईंनी तपासली, पोटाच्या पिशवीत चार पिलं आहेत. इथं राहिली तर एखाद्या मढ्यावर भांडताना आजारी नर तिचं तोंड चावेल, की तिलाही तीच सुई. बेटावर तो आजार पोचलेला नाही. या वेळी बेट खरं आहे, रॉइस. शुक्रवारी सकाळी तिला बोटीपर्यंत न्यायला गाडी येतेय. पटत नसेल तर तिला गोणपाटात घालून मांडीवर घेऊन तूही बस, स्वतः सोडून ये. बोटीत तुझी जागा मी सांगून ठेवलीय.

तू आणतोस की मी येऊन कुलूप तोडू? गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे.

तुझ्याशी एकदाच खोटं बोललेली,
ग्लेनिस