हाक मारली की

मंगळवार, ९

रविवारचं चुकीचं लिहिलं. भिंगरी फोनवर माझ्यासाठी रडली, असं. नाही! तिचा मोजा हरवला होता, म्हणून रडत होती. आजीने तो शोधून दिला, रडू थांबलं. मग मी बोलले. ती फक्त "हं" म्हणाली. लेकीला आपली आठवण यावी असं वाटलं, म्हणून मी तसं लिहून मोकळी झाले.

मोजा मात्र डोक्यातून जाईना. आज धुलाईघरात ओळी सुचल्या —

एक मोजा सापडला, दुसरा गेला कुठे?
पलंगाखाली राजा झोपला, हाक मारली की उठे!

बुधवार, १०

भिंगरी फोनवर हसली!! चारदा म्हणायला लावलं. आता पहिली ओळ माझी, दुसरी तिची.

शनिवार, १३

इस्पितळाच्या चादरींची घडी दोघींनी घालायची असते. दोन टोकांना दोघी, कोपऱ्याला कोपरा जुळवत जवळ यायचं. मी ओळी जुळवत राहिले आणि टोक सुटलं. मुकादमबाई ओरडल्या, "अहो कवयित्रीबाई, चादरीला कोपरे चारच! पाचवा कुठे शोधताय?" सगळ्या हसल्या. मीही.

पण हे आईचंच शिक्षण. शाळेत जायच्या आधी तिने घड्या घालता घालता मला कविता शिकवल्या. ओळ चुकली की घडी मोडायची, पुन्हा पहिल्यापासून! "काठाला काठ लागला पाहिजे, दोन्हीकडे."

भिंगरीबरोबर मी एकही घडी घातलेली नाही. तिचे बाबा बोटीवर, माझी पाळी पहाटेची — दोन वर्षांची होती तेव्हा आईकडे ठेवली. हात इवलेसे, पण उशीचा अभ्रा तरी धरला असता तिने.

मंगळवार, १६

मी सुरू केलं, "एक मोजा सापडला —"

"असं नाही! माझं ऐक."

एक आई फोनमध्ये, दुसरी आई इथे,
हाक मारली, हाक मारली की लग्गेच येते!

मागून आईचा आवाज, "अगं, पोरीचं यमक बघ! तुझ्यावरच गेलीय." मग हळूच, "मी तिला आजीच म्हणायला सांगते गं…"

ओळ थोडी लांबली होती. तरी मी छान म्हणाले.

बुधवार, १७

मुकादमबाईंकडे रजा मागितली. लेकीला घेऊन येते म्हटलं.

"आणा की. पहाटे सांभाळणार कोण? आणि तुमच्या आईने रिकाम्या घरात काय करायचं?"

दिवसभर घड्या वाकड्या.

गुरुवार, १८

आईला "इकडे राहायला ये" असं मी कधी विचारलंच नाही! ती घर सोडणार नाही, हे माझं मीच ठरवून टाकलं. फोनवर विचारायचं नाही. फोनवर ती "बघू" म्हणते, की संपलं.

रविवारी, २१ला, आईकडे जायची पहिली गाडी. दोरीवरची मोठी चादर काढायची. एक टोक आईकडे, एक माझ्याकडे, भिंगरी मधे. कोपऱ्याला कोपरा लागला, की तिथेच विचारायचं — आई, येतेस आमच्याबरोबर?