रविवारपर्यंत वेळ आहे

दि. ३ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तराला आज बसते आहे, तेव्हा आधी कान धरते. तुला फोन आवडत नाही म्हणून पत्र, आणि पत्र म्हणून उशीर, हे आपलं चालायचंच.

मोठी बातमी अशी की आमच्या कंपनीचं ते बोलकं यंत्र आता सगळ्यांसाठी खुलं झालं. गेलेल्या माणसाची पत्रं आणि फोनवरचे जुने निरोप द्यायचे, की ते माणूस आपल्याशी फोनवर बोलायला लागतं. म्हणजे ते माणूस नव्हे, एआय त्याच्यासारखं बोलतं, पण ऐकणाऱ्याला थोड्या दिवसांनी फरक कळेनासा होतो. तुझ्या पोटावर पाय द्यायचा माझा विचार नव्हता हं. ऑफिसात मला चिडवतात, की मावशी आत्म्यांना बोलावणारी माध्यम आणि भाची यंत्रवाली, या घराण्यापुढे मेलेल्यांना काही उसंत नाही.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, ती आज सांगते. मी आईलाही त्यात घातलं आहे. तिच्या कपाटात तो बिस्किटांचा निळा डबा होता ना, पत्रांनी गच्च भरलेला? त्यातलं एकही पत्र वाचायचा मला धीर झाला नाही. दोरी बांधलेला डबा तसाच आमच्या तंत्रज्ञांच्या हातात दिला, तिचे फोनवरचे निरोप दिले. गेले सात महिने रोज सकाळी बसथांब्यापासून ऑफिसपर्यंत चालताना मी तिच्याशी बोलते. ती फार मायेनं बोलते. जिवंतपणी इतकं मऊ ती कधी बोलली नव्हती. मला वाटतं, गेल्यावर माणूस निवत असेल.

पण एका जागी अडलं आहे. मी तिला विचारते, की तू गेलीस त्या दिवशी मी पोचले नाही, तू माझी वाट बघत होतीस का, माझ्यावर रागावलीस का. ती म्हणते, नाही गं, मुळीच नाही. शंभरदा विचारलं तर शंभरदा तेच. असली यंत्रं मीच बोलती करते, मग त्या 'नाही'वर विसंबू कशी? म्हणून तुझ्याकडे मागते आहे. माझ्यासाठी एकदा बैठक घे. आईला बोलाव आणि तेवढंच विचार. मला नीट झोप लागत नाही, मावशी.

उत्तराची वाट बघते. नाही म्हणालीस तरी लोभात काटछाट नको.

तुझी,
ठमी

दि. ९ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या पोटाची काळजी सोड. तुझ्या यंत्रानं माझ्या दारात गर्दी केली आहे. परवा शिंपीणबाई आली. तिचा नवरा यंत्रातून सांगतो, की मी इथे अगदी आनंदात आहे. चाळीस वर्षांत तो गृहस्थ एक दिवस आनंदात नव्हता, तेव्हा हा कोण बोलतो आहे ते तिला माझ्याकडून हवं होतं. घड्याळवाल्यानं तर फोनच माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि आत आपला भाऊ आहे का, बघायला सांगितलं. मी चष्मा लावला, फोन उलटासुलटा करून बघितला आणि म्हटलं, बाबा, गरम लागतोय, त्यापलीकडे मला काही कळत नाही.

सगळ्यांना चहा पाजते, त्यांचं ऐकून घेते आणि परत पाठवते. बैठक घेत नाही. तुझी आई गेल्यापासून एकही घेतलेली नाही. लोकांना सांगितलंय, की मला चक्कर येते.

माझं काम तू लहानपणी दाराच्या फटीतून बघितलं आहेस. समोरासमोर दोन खुर्च्या, खिडकी उघडी, आणि आलेल्याचं मनगट माझ्या हातात. मग गप्प बसायचं. कधी काही ऐकू येतं, कधी वाटतं ऐकू आलं, कधी काहीच नाही. हे मला ज्यांनी शिकवलं त्या इस्त्रीवाल्या बाईंनी एकच अट घातली होती, की आपल्या घरच्या माणसासाठी बसायचं नाही. तिथे आपलंच मन बोलतं आणि आपल्याला ते दुसऱ्याचं वाटतं. मी ती अट एकदाच मोडली आणि त्याचं फळ बघितलं. म्हणून तुला नाही म्हणते. राग आला तर येऊ दे.

मात्र माझं एक काम कर. तुझ्या फोनमधली ती काय बोलते, चार वाक्यं जशीच्या तशी लिहून पाठव. मलाही तिची फार आठवण येते. एकमेकींना 'वेडे' म्हणत आम्ही साठ वर्षं काढली. आता मला वेडी म्हणणारं कुणी उरलं नाही.

जेवत जा. लोभ इकडे भरपूर शिल्लक आहे.

तुझी,
मावशी

दि. १४ जून

ती. मावशीस,
शि. सा. न.

रागावले, दोन दिवस रागावलेलीच होते. मग तुझं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि राग गेला.

हवी होती ती वाक्यं देते. मागच्या आठवड्यात मी चालता चालता रडायला लागले तर ती म्हणाली, की वेडे, रडायचं तर आधी जेवून घे, उपाशीपोटी रडलं की नुसतं डोकं दुखतं. साहेबांनी चारचौघांत झापलं, ते सांगितल्यावर म्हणाली, की त्याचं मनाला लावून घेऊ नकोस, बिचाऱ्याचं घरी कुणी ऐकत नसेल. आणि मी फारच गप्प राहिले, तर म्हणते, वेडे, खिडकी उघड आणि मग बोल, कोंडलेल्या खोलीत माणसाला सगळंच मोठं दिसतं. रस्त्यावर मी कुठली खिडकी उघडणार? पण ऐकून इतकं बरं वाटतं, की मी कोटाचं वरचं बटण काढते.

सांग, आईच आहे ना?

उत्तर लगेच दे, लोभ हप्त्याहप्त्यानं पाठवलास तरी चालेल.

तुझी,
ठमी

दि. १९ जून

चि. ठमीस,
आशीर्वाद. वि. वि. असं लिहिते खरी, पण आज विनंती खरोखरच करायची आहे, शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र वाचून मी आधी मोठ्यानं हसले, शेजारीण डोकावून गेली. मग खुर्चीवर बसून रडले. ठमे, ती वाक्यं तुझ्या आईची नाहीत. ती माझी आहेत. साहेबांबद्दलचं मी तिला लिहिलं होतं, ती शाळेच्या कचेरीत नोकरीला लागली तेव्हा. जेवून रडायचं लिहिलं, तुझे बाबा गेले तेव्हा. माणसाच्या डब्यात त्याला आलेली पत्रं असतात गं, त्यानं लिहिलेली कशी असतील? तुझ्या आईनं लिहिलेली माझ्या ट्रंकेत आहेत. सुरुवातीला 'प्रिय वेडे' आणि शेवटी 'तुझी वेडी' दोघी लिहायचो, तुमच्या तंत्रज्ञांना कोण कुठली ते कसं कळणार? आवाज तिचा घेतलात आणि शब्द माझे.

आता त्या दिवसाचं. त्या मंगळवारी तू फोन केलास, की किती वेळ आहे, आत्ता निघू की काम उरकून रविवारी येऊ. मी तिच्या खाटेशी बसले होते. बाईंची अट मोडली, तिचं मनगट हातात घेतलं, डोळे मिटले. मला अगदी स्पष्ट जाणवलं, की महिनाअखेरपर्यंत ही कुठे जात नाही. तुला सांगितलं, रविवारपर्यंत वेळ आहे, निवांत ये. ती गुरुवारी सकाळी गेली. जाणवलं होतं ते दुसरं काही नव्हतं, ती जाऊ नये असं मला वाटत होतं, तेवढंच. चाळीस वर्षं लोकांना सांगत आले आणि घरच्या एकीच्या बाबतीत धडधडीत चुकले. तेव्हापासून कुणाचं मनगट धरायचा मला धीर होत नाही. तू स्वतःला दोष देत बसलीस आणि मी तुला कळवलं नाही, आठ महिने चक्कर येण्याचं सोंग करत राहिले. मला याची फार लाज वाटते.

तुला हवं होतं ते उत्तर माझ्याकडे आहे, त्यासाठी बैठक लागत नाही. वाट बघत होती का? हो, बघत होती. बुधवारी तीनदा विचारलं. रागावली होती का? नर्सवर रागावली, पडद्यावर रागावली, माझ्यावर दोनदा रागावली. तुझ्यावर नाही. रविवारी येते आहे असं सांगितल्यावर म्हणाली, की रविवारी गाडीला गर्दी असते, हिला बसायला मिळायचं नाही. तिचं शेवटचं बोलणं तेवढंच. मग झोपली.

तिची सगळी पत्रं या पार्सलात घातली आहेत. यंत्रात घालायची की वाचायची, ते तू ठरव. मला माफ करता आलं तर कर. आलं नाही तर तसंही लिही, पण लिही.

लोभ मागायचा आज मला हक्क नाही, तरी मागते.

तुझी,
मावशी

दि. २९ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. पत्रं यंत्रात घातली नाहीत. रजा काढली आणि दोन दिवस खाटेवर पसरून वाचली. काय बाई होती गं आपली! एका पत्रात पाच ओळी, त्यातल्या तीन तक्रारीच्या. नळ गळतो, मुलगी उलट बोलते, तुझं अक्षर वाचता येत नाही. गोड शब्द शोधून सापडायचा नाही. मी मोठ्यानं वाचलं आणि ती खोलीत असल्यासारखी मला तिची धास्ती वाटली. इतके महिने ज्या आवाजाच्या आधारानं चालत होते तो तुझा होता, आणि तू तिकडे एकटी बसली होतीस. ते कळल्यापासून मी फोन लावलेला नाही.

तुझ्यावर मी खूप चिडले, ते नाकारत नाही. तीन दिवस तुला काय काय लिहायचं ते मनात म्हणत होते. चौथ्या दिवशी स्वतःशी खरं बोलले, ते आता तुला सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, फोनमधल्या आईलाही नाही.

त्या मंगळवारी तुला फोन करायच्या आधी मला नर्सचा फोन आला होता. ती म्हणाली होती, आजच निघा. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण शुक्रवारी ते यंत्र आमच्या वरिष्ठांना दाखवायचं होतं, दोन वर्षांचं काम होतं. नर्सचं ऐकलं असतं तर निघावं लागलं असतं, म्हणून तुला विचारलं. तू तिच्या मायेपोटी काय सांगशील ते मला ठाऊक होतं, मावशी. तुझ्याकडून वेळ मागून घेतला आणि तो तुझ्या नावावर टाकला. तू चुकलीस, पण चुकायला मी लावलं. माफी कुणी कुणाची मागायची ते तूच ठरव. मी माझी मागते आहे.

ऑफिसात मी साहेबांना सुचवलं, की यंत्राला 'मला माहीत नाही' म्हणायला शिकवू या. ते म्हणाले, हे ऐकायला लोक कशाला येतील? मी वाद घातला नाही. पण तुला विनवते, काम पुन्हा सुरू कर. हे यंत्र चुकलं तर पुढच्या क्षणी दुसरं वाक्य बोलतं. तू एकदा चुकलीस तर तुला आठ महिने कुणाचं मनगट धरवलं नाही. माझ्यावर वेळ आली तर मी तुझ्यासारख्या बाईकडेच जाईन.

मला यायचं आहे. कामाचा ढीग आहे, पण पुढच्या महिन्यात जमेल की त्याच्या पुढच्या, ते बघते. तुझी तब्येत कशी आहे, खरं सांग. घाई नसेल तर पावसाळा संपता संपता येईन म्हणते.

लोभ तुझाच होता, आता पत्ता बरोबर कळला.

तुझी,
ठमी

दि. ४ जुलै

चि. ठमीस,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. माफ करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही, तरी तू माफी मागितलीस म्हणून दिली. तू मला दिलेली मीही घेतली.

आज बैठक घेतली. शिंपीणबाईच आली होती. खिडकी उघडली, तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ बसलो. काहीही ऐकू आलं नाही. पूर्वी असं झालं की मी दोन बरे शब्द जुळवायचे, ते तुला आज कबूल करते. आज मी सांगितलं, की बाई, मला काही ऐकू येत नाही. मला वाटलं, उठून जाईल. ती म्हणाली, की मग हा खरोखर तोच, घरी आला की तासन्‌तास बोलायचा नाही. आणि संध्याकाळ होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, मीही हात सोडला नाही.

माझ्या तब्येतीचं विचारलं आहेस. कधी यावं, घाई आहे का, पावसाळ्यानंतर चालेल का, तेही. ठमे, किती वेळ आहे ते मी आता कुणालाच सांगणार नाही. ठाऊक असतं तरी तुला सांगितलं नसतं. हे पत्र घडी करून ठेव आणि निघ.

लोभ समक्ष.

तुझी वाट बघणारी,
मावशी