उलटा ठेवलेला पेला

७ जुलै १८१६

प्रिय लोइस,

तुझं पत्र हिवाळ्यात आलं आणि आज जुलै उजाडला. इतकं गप्प राहिल्याचं कारण देता येईल, पण ते खरं असेल याची खात्री नाही. म्हणून नुसती क्षमा मागतो. जेम्स गेल्याचं कळवून तू एवढंच विचारलं होतंस, "दादा, लेकीला घेऊन घरी येऊ का?" ती ओळ मी रोज वाचतो. उत्तर लिहायला बसलो की गाव आठवतं. तुझा नवरा जेम्स इंग्लंडच्या राजाच्या जहाजावर होता आणि त्या जहाजांनी आपल्या बंदरातल्या होड्या जाळल्या, हे इथं कुणी विसरलेलं नाही.

गाव तुला ओळखू येणार नाही. इंग्लंडशी झालेल्या युद्धात इंग्रजी कापड बंद झालं तेव्हा एलनाथन प्रॅटनं ओढ्यावर गिरणी काढली. तह झाला, स्वस्त माल पुन्हा लोटला आणि गिरणी बंद पडली. आता वॉशिंग्टनच्या सरकारनं परदेशी कापडावर जकात बसवलीय, चाकं पुन्हा फिरताहेत. पूर्वी आपण स्वतःला मॅसॅच्युसेट्सचे म्हणायचो; आता पोरंसोरंही 'आपलं राष्ट्र' म्हणतात. ते ऐकून माझाही ऊर भरून येतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. फक्त त्या राष्ट्राची हद्द माझ्या बहिणीच्या अलीकडेच संपते.

गुरुवारी चार जुलैचं, स्वातंत्र्यदिनाचं गावजेवण होतं. सगळ्यांनी गिरणीचंच कापड घालायचं ठरलं होतं. यंदा जूनमध्येही हिम पडलं, त्यामुळे या दिवशीचे नेहमीचे मटार नाहीतच, नुसता साल्मन मासा. गारठा होता, म्हणून तू हॅलिफॅक्सहून पाठवलेल्या निळ्या इंग्रजी कापडाचा कोट घालून गेलो. गारठा हे कारण होतं की निमित्त, कोण जाणे. ओबेड खलाशी ओरडला, "काय मास्तर, हॅलिफॅक्सची ऊब मानवलेली दिसतेय! मेव्हण्यानं वारसा ठेवला वाटतं?" सगळे हसले. मग प्रॅटनं पेला उचलला, "आपलं कापड, आपली जहाजं, आपली माणसं! बाहेरचं काही नको!" सगळे उठले. 'आपली माणसं' माझ्या घशाखाली उतरेना. मी पेला उलटा ठेवला. उलटा पेला म्हणजे 'हे बोल मला मान्य नाहीत', हा इथला अर्थ तुला ठाऊक आहे.

पण गावानं भलताच अर्थ लावला. मास्तर जकातीच्या विरोधात! जकातीमुळे ज्यांचा परदेशी माल अडलाय त्या धक्क्यावरच्या व्यापाऱ्यांनी दारातच माझी पाठ थोपटली, "शाब्बास! प्रॅटला तोंडावर सुनावणारा एक तरी निघाला. निवडणुकीला उभेच राहा!" मी खरं सांगू लागलो तर म्हणाले, "पुरे हो विनय!" आणि जकात मला पटते, लोइस! प्रॅट शाळेचा विश्वस्त. आज चर्चमध्ये त्यानं मान वळवली, आणि माझ्या बाकावर मी एकटाच होतो.

अर्धं गाव माझ्याशी बोलत नाही. उरलेलं अर्धं ज्याच्याशी बोलतं, तो मी नव्हे. घरी येऊन बसलो, तेव्हा मला ओळखणारं कोण उरलं याचा विचार केला, आणि कागद पुढे ओढला. तुम्ही दोघी या. हे बोलावणं तुझ्या गरजेपोटी की माझ्या, ते ठरवता आलेलं नाही. ठरेपर्यंत थांबलो तर आणखी एक हिवाळा जाईल. टोमणे बसतील, लेकीला 'इंग्रजाची पोर' म्हणतील. शाळा माझ्याकडे राहीलच असं वचन देत नाही. घर आहे.

तुझाच दादा,
जोसाया

उद्या: तुझ्या खोलीची फुगून बसलेली खिडकी सुताराकडून सोडवून घ्यायची.