आम्हा दोघांची आवडती कादंबरी

आप्पा, येत्या रविवारी तुमच्या वाचनालयात मला बोलायचं आहे. ग्रंथपाल स्वतः घरी आले होते. तुमच्या वेळचे नव्हेत, ते कधीच गेले, हे त्यांच्यानंतरचे तिसरे. म्हणाले, "मॅडम, अर्धा तास बोला. विषय, तुमच्या वडिलांची आवडती कादंबरी. तुमचीबी तीच आवडती म्हणं, जुनी माणसं अजून सांगत्यात की." मी हो म्हणून बसले. चहा घेऊन ते गेले आणि मग माझ्या ध्यानात आलं की त्या कादंबरीबद्दल मी आजवर एकदाच मत दिलं आहे, तेही तुम्हाला, आणि ते खोटं होतं. आता भरल्या सभेत तेच पुन्हा द्यायचं की खरं सांगून टाकायचं, हे ठरवायला चार दिवस आहेत. लोकांशी बोलायच्या आधी तुमच्याशी बोलावं म्हणून लिहायला बसले आहे.

तुमची ओळख मी नेहमी एकाच वाक्यात करून देते: आमचे आप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगरात कारखान्यात लेथ मशीन चालवायचे आणि कादंबऱ्या वाचायचे. लोकांना पहिलं ऐकून काही वाटत नाही, दुसरं ऐकून भुवया वर जातात, आणि मला त्या वर गेलेल्या भुवया बघायला फार आवडतं. सातवीत शाळा सुटलेला माणूस आठवड्याला दोन पुस्तकं संपवायचा. वाचनालयाच्या कार्डावर दोनच मिळायची, एक मोठ्यांचं आणि एक बालविभागातलं. बालविभागातलं माझं, असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात ते आधी तुम्ही वाचायचात. "पोरीला काय देतोय ते बघाय नको व्हय?" असं आईला सांगायचात. पण डब्याच्या पिशवीतून मोठ्यांची कादंबरी क्वचितच कारखान्यात गेली. जायचं ते माझंच पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, म्हणजे शेजारच्या मशीनवाल्यांनी हसायला नको. जेवणाच्या सुट्टीत लाकडाच्या भुश्यानं हात चोळून, साबणानं धुऊन मगच पान उलटायचात, तरी कडेला एखादा काळपट अंगठा उमटायचाच.

आणि घरचा कायदा असा की मत दिल्याशिवाय पुस्तक परत जायचं नाही. कारखान्याला सुट्टी आणि मला शाळा अशा दिवशी सकाळी आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, सायकलच्या पिशवीत पुस्तकं भरायची आहेत, आणि मी दप्तर टाकून तुमच्यापुढे उभी. "हं, सांग. कसं हाय?" नुसतं "चांगलं हाय" म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. का चांगलं, कुठं चांगलं, कुणी शहाणपणा केला, कुणी माती खाल्ली, सगळं सांगावं लागायचं. तुमची स्वतःची मतं तर कोण वादग्रस्त! तीन भावंडं कोकणात मामाच्या होडीतून मूर्तिचोरांच्या मागे लागतात, ते पुस्तक मी श्वास रोखून वाचलं होतं. तुम्ही म्हणालात, "झकास हाय, पर ह्या पोरांस्नी आई न्हाय काय गं? चार दिस झालं, एकदाबी कुणी जेवायला हाक मारंना." मोठ्यांच्या कादंबऱ्यांचं तर काही खरं नसायचं. एका जाड, बक्षीस मिळालेल्या कादंबरीचा नायक खिडकीत बसून दुःखी व्हायचा. ती तुम्ही आईला वाचून दाखवलीत आणि मध्येच मिटलीत. "दीडशे पानं झाली, ह्यो गडी कामावर गेल्याला दिसंना. पगार कोण देतंय ह्येला?" आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "बायको करत आसंल की काम. तिचं लिवलं न्हाय व्हय?" तुम्ही पान चाळून बघितलंत. नव्हतं लिहिलेलं.

तुमचा मार मी कधी खाल्ला नाही, पण एकदा जी बोलणी खाल्ली ती अजून आठवतात. मी पाचवीत होते. वसतिगृहातल्या मुलींची एक कादंबरी होती. सुरुवातीची चार प्रकरणं वाचली आणि मैत्रिणींत खेळायला पळाले. सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा ठोकून दिलं, "लई भारी हाय. शेवट तर एकदम भारी." तुम्ही पुस्तक उघडून शेवटचं पान माझ्यापुढं धरलंत. शेवट नव्हताच. बांधणीतून शेवटची पंधरा-वीस पानं निसटून गेली होती आणि नुसता दोरा लोंबत होता. मी रडायला लागले. तुम्ही रडू दिलंत. दुसऱ्या दिवशी शाळेआधी सायकलवर बसवून मला कारखान्यात नेलंत. लेथपाशी एक पोलादी माप होतं, दोन टोकांचं. तुम्ही नुकताच कातलेला जॉब, भोकाचा एक लोखंडी तुकडा, हातात घेतलात. "बग. ह्ये टोक आत जायाला पायजे, आणि ह्ये जाता कामा न्हाय. डोळ्यानं बरूबर दिसतंय म्हणून पास करायचं न्हाय. लावून बगायचं." मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "आवडलं न्हाय म्हण, मी ऐकून घेतो. वाचलो न्हाय म्हण, तेबी ऐकून घेतो. न वाचता भारी म्हणायचं न्हाय." त्या वयात आम्ही कोल्हापूरच्या मुली मुलांसारखंच आलो-गेलो बोलायचो. मी म्हणाले, "पुन्हा न्हाय करणार. वाचलो तरच सांगतो." तुम्ही जॉब परत चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, लावलात आणि मशीन सुरू केलंत.

तेव्हापासून मी न वाचता मत दिलेलं नाही. हे छाती पुढे काढून सांगते. पण वाचून खोटं मत दिलं, ते कसं, ते पुढे येईलच.

आधी त्या आजोबांच्या पुस्तकाबद्दल सांगू द्या. लहान मुलांची कादंबरी, जेमतेम ऐंशी पानं. आजोबांची नजर जात चालली आहे आणि ते सगळ्यांपासून लपवताहेत. नातीला कळलेलं आहे, पण आपल्याला कळलंय हे ती त्यांना कळू देत नाही. बाजारात भाव विचारायच्या निमित्तानं तीच पाट्या मोठ्यानं वाचते, रस्त्यात खड्डा आला की तीच थांबून चप्पल नीट करते. ते पुस्तक तुम्ही कारखान्यात वाचत होतात आणि डबा तसाच राहिला. संध्याकाळी तुमच्या शेजारच्या मशीनवरचे काका आईला सांगायला आले, "वयनी, आज लेथवाला रडलाय बगा, पोरांचं पुस्तक वाचून." मला वाटलं तुम्ही ओशाळाल. तुम्ही ते वर्तमानपत्राचं कव्हर काढलंत आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलंत. "तू वाच. न्हाय रडलास तर ये." त्यानंतर तुम्ही कव्हर घातलं नाही. काका चार दिवसांनी आले. रडण्याचा विषय टाळून दुसरं पुस्तक मागितलं. तुमचं मत होतं की मोठ्यांच्या पुस्तकात माणसं रडून सांगतात आणि पोरांच्या पुस्तकात गप्प राहून, म्हणून पोरांचीच जास्त लागतात. पुढे मी मराठी घेऊन एम.ए. केलं, समीक्षेची जाडजूड पुस्तकं पाठ केली. बालसाहित्याबद्दल याहून नेमकं काही मला त्यांत मिळालं नाही.

दहावीच्या सुट्टीत तुम्ही मला वाचनालयात नेलंत. त्या वेळच्या ग्रंथपालांनी कादंबऱ्यांच्या कपाटाकडे बघत नकारार्थी मान हलवली. मुलींसाठी मासिकं आहेत की, म्हणाले. तुम्ही खाकी कपड्यांतच होतात, कामावरून थेट आलेले. टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणालात, "मोठ्यांचं कार्ड द्या तिला. माझ्यापरास तिची मतं पक्की हायत." वाचनालयातली चार माणसं मान वर करून बघायला लागली. मला धरणी दुभंगावी असं झालं आणि त्याच वेळी मी दोन इंच उंचही झाले. दोन्ही एकदम होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि त्याच कार्डावर पुढे तीन वर्षांनी तुम्ही ती कादंबरी मला काढून दिलीत. पाचशे पानांची. गावाकडून आलेला एक पोरगा कारखान्यात झाडू मारता मारता मिस्त्री होतो, हात भाजून घेतो, संपात उपाशी राहतो, शेवटी स्वतःच्या हातानं एक इंजिन उभं करतो. तुम्ही ती तीनदा वाचली होतीत. "आपल्यागत माणूस हाय गं ह्यात," एवढंच म्हणालात. मी पंधरा दिवसांत वाचली, शेवटच्या पानापर्यंत. सकाळ झाली, आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही पाटावर होतात, आणि तुमच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मताची तुम्हाला भीती वाटत होती. मी म्हणाले, "लई आवडली, आप्पा." तुम्ही का, कुठं, काही विचारलं नाहीत. आयुष्यात तेवढं एकदाच. त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना चहा पाजलात म्हणे. आई रात्रीची भांडी घासता घासता उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "खोटं बोललीस न्हवं?" मी म्हणाले, "व्हय." ती म्हणाली, "बरं केलंस." मग घरी पाहुणा कुणीही आला की तुम्ही सुरू, "आमची दोघांची आवडती हाय ती." मी मान डोलावत राहिले. तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आलेल्यांनीही तेच सांगितलं, तेव्हाही मी मान डोलावली.

मी जयसिंगपूरच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे, हे तुम्हाला माहीत नाही. रोज एसटीनं जाते. माझ्याकडेही मत दिल्याशिवाय पुस्तक परत घेतलं जात नाही. आधी मुख्याध्यापक वैतागले, आता पाहुण्यांना मुद्दाम ग्रंथालय दाखवायला आणतात. मागच्या महिन्यात सहावीतली एक मुलगी आली. मी वर्गात उभं राहून जिची तोंड भरून स्तुती केली होती तीच कादंबरी तिनं टेबलावर ठेवली. "मॅडम, तुम्हाला राग येईल, पर मला न्हाय आवडली." का गं? "सगळी पोरं लई शहाणी हायत त्यात. एकबी खोटं बोलत न्हाय. आमच्या वर्गात अशी कोण न्हाय." मी घरी जाऊन ती पुन्हा वाचली. पोरीचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर मी माझं मत मागे घेतलं आणि ती मुलगी दोन इंच उंच झालेली मला दिसली. आप्पा, ते बघायला तुम्ही हवे होतात. लेथवरचं माप इथपर्यंत आलंय. मला तुमचा इतका अभिमान वाटला त्या दिवशी की एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं. पण अकरा वर्षांच्या पोरीनं मला तोंडावर जे सांगितलं, ते एकोणीस वर्षांची असताना मला तुम्हाला सांगता आलं नव्हतं, हेही तेव्हाच डोक्यात आलं.

म्हणून या आठवड्यात तुमची कादंबरी पुन्हा वाचली. मनापासून आवडून घ्यायचा प्रयत्न केला. काही ठिकाणी आवडलीही. इंजिन पहिल्यांदा धडधडतं ती पानं तर अशी आहेत की तुम्ही तीनदा का वाचलीत ते उमजलं. लोखंड तापल्याचा वास येतो त्यांतून. पण आप्पा, पाचशे पानांत त्या मिस्त्रीची बायको चार वेळा बोलते आणि चारही वेळा "ताट वाढू का?" एवढंच. संपात घर कुणी चालवलं, ते लिहिलेलं नाही. आपल्या घरात आई तुमच्या प्रत्येक मताला उलटं मत द्यायची आणि तुम्ही ते ऐकून पान चाळून बघायचात. आपलं घर त्या कादंबरीपेक्षा चांगलं होतं. तुम्हाला त्यात स्वतःसारखा माणूस सापडला, मला त्यात आई सापडली नाही. तेव्हाही हेच वाटलं होतं, आजही हेच वाटतं. मला ती कादंबरी आवडली नाही.

रविवारी हेच सांगणार आहे, ठरलं. का, कुठं, सगळं नीट मांडून. कुणाला आवडो न आवडो, तुमच्या मुलीचं मत पक्कं आहे हे त्यांना कळेल. हे पत्र काही मी तिथे वाचून दाखवणार नाही, कुणाला दाखवणारही नाही, कारण एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगायची आहे. रविवारी तुम्ही समोरच्या खुर्चीत येऊन बसलात, त्या सकाळचा तो चेहरा करून, तर मी पुन्हा म्हणेन, लई आवडली.