आयचे धवले आणि दोन चॅनलचा डेक

९ फेब्रुवारी, रविवार

काल ठाण्याला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आयच्या घशातली गाठ चांगली नाही. २० मार्चला ऑपरेशन, स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल, आवाज जाईल.

आयने त्यांना तिथल्या तिथे विचारलं की मंग मे महिन्यात प्रियांकाच्या हळदीला धवले कोण म्हणणार. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. प्रियांका म्हणजे माझ्या भावाची, गणूची मुलगी. धवले म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या प्रत्येक विधीला बायका म्हणतात ती गाणी, आणि आय म्हणजे मानपाड्यापासून शीळफाट्यापर्यंत उरलेली एकमेव खरी धवलारीण. (हे मला माहीत आहेच. पुढेमागे माझ्यावर कुणी डॉक्युमेंटरी केली तर त्यांची सोय म्हणून लिहून ठेवतो.)

निर्णय: आयचे सगळे धवले मी रेकॉर्ड करणार. खाली हलका बीट. हळदीला मीच वाजवणार. हातात एकोणचाळीस दिवस. भरपूर झाले.

१० फेब्रुवारी, सकाळी ६.१०

मन एकदम शांत. पहिलं काम: घरी मिक्सिंग करायला डीजेचा डेक घेणे. बजेट पंधरा हजार. बायकोचं, म्हणजे दर्शनाचं बजेट शून्य. ती म्हणाली की फोनवर रेकॉर्ड करा, आत्ता, चहा व्हायच्या आत. तिला साउंडमधलं कळत नाही, म्हणून वाद घातला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर अभ्यास. सतरा रिव्ह्यू बघितले. एक्सेलमध्ये तक्ता केला: चॅनल किती, हाताने फिरवायचं जॉग व्हील किती इंचाचं, आवाज वर-खाली करायचा फेडर घट्ट की सैल, वजन किती. दोन चॅनल पुरतात असं सगळे म्हणतात. पण चार असतील तर एकावर आय, एकावर ढोलकी, एकावर बीट आणि एक इमर्जन्सीला.

आय सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, कोमट पाणी पिऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसली होती. दर्शनाने तिला आज रविवार आहे, रेकॉर्डिंग होईल म्हणून सांगितलेलं. मी म्हटलं पुढच्या रविवारी नक्की. तिने तांदूळ निवडायला घेतले.

२३ फेब्रुवारी, रविवार

सेकंड हॅंड डेक बघायला कल्याणला गेलेलो. मालकाचं नाव ऋतुराज. सांगत होता, फक्त दोनदा वापरलाय. डावं जॉग व्हील फिरवलं तर बोटाला चिकटलं. कोकम सांडलेलं. आयचा आवाज असल्या वस्तूवर चढवणार नाही, असं त्याला सांगून आलो. तो आय कोण विचारत होता.

येताना पंढरीकडे थांबलो. शाळेपासूनचा दोस्त, वीस वर्षं हळदीचे साउंड लावतो. त्याचं म्हणणं, पंखा बंद कर, फोन टेबलावर ठेव, आयला समोर बसव, झालं काम. पंढरीचा धंदा मोठा, दृष्टी लहान.

२ मार्च

चार दिवस वेगळ्याच दिशेने विचार केला. जुन्या गळ्याला जुनंच यंत्र शोभेल. तबकडीवालं टर्नटेबल! त्यातही पट्ट्यावर फिरणारं स्वस्त आणि थेट मोटरवर फिरणारं महाग. तबकडीचा आवाज उबदार असतो, सगळे सांगतात. जेवताना योजना मांडली. दर्शनाने विचारलं की आयची तबकडी काढणार कोण.

टर्नटेबल रद्द. वेळ वाया गेला असं नाही, ज्ञान वाढलं.

८ मार्च

आयचा आवाज बसत चाललाय. सकाळी भाकऱ्या थापताना एक धवला गुणगुणत होती. वरच्या सुराला फाटतोय. मी उठून गॅलरीत गेलो.

खरं लिहायचं तर मला ऐकवत नाही. हा आवाज पंधरा दिवसांनी नसेल हे कळत असताना तो कानात घ्यायचा कसा, ते मला येत नाही. बाबा गेले तेव्हाही मी दिवसभर मंडपवाल्याच्या खुर्च्या मोजत होतो.

असो, तो विषय वेगळा. शीळफाट्याच्या दुकानात नवीन मॉडेल आलंय म्हणे.

१३ मार्च, होळी

होळीपाशी बायका आयला गायला बोलवायला आल्या. मी नको म्हटलं. रेकॉर्डिंगसाठी आवाज राखून ठेवायला हवा, एवढी साधी गोष्ट आहे. सखुबाई चिडली. ती चाळीस वर्षं आयच्या मागे झील धरते, म्हणजे आय ओळ म्हणते आणि ही ती उचलून परत म्हणते. मला म्हणाली की आता नाय तर मंग कवा गाल ती. मी म्हटलं रविवारी.

आय होळीला नारळ देऊन गप्प बसून राहिली. मला वाटतं तिला माझं म्हणणं पटलं.

१६ मार्च, रविवार

घेतला! शीळफाटा. दोन चॅनल, चौदा हजार आठशे. मागच्या बाजूला माईकचं भोकसुद्धा आहे. याला म्हणतात अभ्यास. उद्या सॉफ्टवेअर टाकायचं, परवा रेकॉर्डिंग.

१७ मार्च

लॅपटॉप जुना आहे म्हणे. अपडेट चालू. बासष्ट टक्क्यांवर अडकलाय.

आयची बॅग दर्शनाने भरली.

१९ मार्च, सकाळी ७

झालं! काल संध्याकाळी. जग बोलत होतं, मी करून दाखवलं.

डेक, लॅपटॉप, माईक, स्पीकर सगळं बाहेरच्या खोलीत मांडलं. पंखा बंद, फ्रिज बंद. दर्शना फोन काढून शूटिंग करायला लागली, तर फोनमुळे स्पीकरमध्ये खरखर येते म्हणून तो बंद करून आत ठेवायला लावला. असल्या वेळी शिस्त लागते.

आय बावीस मिनिटं गायली. आमच्या घरचा हळदीचा धवला पुरा. आधी देवांना आवतण, मग गावदेवीला, मग आमच्या घरातल्या गेलेल्या जुन्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन, की या, पोरीला हळद लावा. नावांपाशी तिचा श्वास तुटला. पाणी प्यायली, गळ्यावर हात ठेवला आणि सगळी नावं घेतली. दर्शना रडायला लागली. तिला खुणेने सांगितलं, हळू.

मी हेडफोन लावून बीट सांभाळत होतो. हिरवा दिवा एकदाही लाल झाला नाही. पहिल्याच प्रयत्नात! फाईल सेव्ह केली. आता आयला घेऊन ठाण्याला निघतोय.

२२ मार्च, ठाणे

ऑपरेशन चांगलं झालं. आय शुद्धीवर आहे. नर्सने लिहून सांगा म्हणून वही-पेन आणून दिलं. आयला लिहिता येत नाही, हे मला पुढे होऊन सांगावं लागलं. ती ओठ हलवते, काही कळत नाही. सगळे हो हो म्हणतात.

२३ मार्च

फाईल उघडली. बावीस मिनिटं बीट आहे.

नुसता बीट. आय नाही.

दहा वेळा ऐकली. आवाज पुरा वाढवून ऐकली. पंढरीला फोन केला, दुसऱ्या कुणाचं झालंय असं दाखवून. तो म्हणाला की स्वस्तातल्या बऱ्याच डेकमध्ये माईक थेट स्पीकरला जातो, लॅपटॉपमध्ये उतरतच नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मग त्याने हळूच विचारलं की आय कशी आहे.

सतरा रिव्ह्यूंपैकी एकातही हे नव्हतं. किंवा मी बघितलं नसेल.

घरी काही बोललो नाही. आत्ता सगळे टेन्शनमध्ये आहेत.

१२ एप्रिल

कल्याणला डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाकडे गेलेलो. तो म्हणाला, काका, गेलेलं परत येतं, जे उतरलंच नाही ते कुठून आणू. त्याचा अनुभव कमी वाटला. दुसऱ्याकडे गेलो, त्याचंही तेच.

दर्शनाने विचारलं, मिक्सिंग कुठपर्यंत आलंय. मी म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. आय शेजारी बसली होती. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आज जेवलो नाही.

५ मे

उद्या हळद. ठरवलंय, आज सगळ्यांना खरं सांगून टाकायचं.

रात्री पाहुणे आले, राहून गेलं. उद्या सकाळी नक्की.

७ मे, सकाळी

काल हळद झाली. मी डेकच्या मागे उभा होतो. लाइट्स पंढरीने दिलेल्या. आयने स्वतःची खुर्ची उचलून स्पीकरच्या अगदी पुढ्यात नेऊन ठेवायला लावली. नवी साडी, गळ्याभोवती रुमाल. गणूने खूण केली, चालू कर. मी म्हटलं केबल गेली. दुसऱ्यांदाही तेच म्हटलं. दर्शना माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिने बघणं बंद केलं. तिला कळलं.

आय तशीच बसून होती.

मग सखुबाई उठली. तिने बायकांना गोळा केलं आणि माईकशिवायच धवला धरला. देव झाले. गावदेवी झाली. जुन्या माणसांपाशी आली आणि थांबली. झील धरणाऱ्याला चाल येते, दुसऱ्याच्या घरची नावं कुठून येणार. सगळ्या आयकडे वळल्या. आयने बोटं मोजत भराभर ओठ हलवले. पुन्हा सावकाश हलवले. कुणालाच कळेना.

सखुबाई माझ्याकडे वळली. म्हणाली, तुजे घरची नावां, तूच सांग.

मी म्हटलं, भगवान. ते माझे बाबा. बायकांनी गाऊन घेतलं. आयने एक बोट मिटलं. मग म्हटलं, रतन. ते आजोबा. आयने दुसरं मिटलं.

तिसरं बोट तिने माझ्यापुढे धरलं. मान हलवून हलवून सांगत होती, बोल. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो, आणि सगळी नावं तिने माझ्या समोर घेतली होती. प्रियांका ओल्या हळदीत पाटावर बसलेली. बाजारातल्या नऊ डेकची जॉग व्हील किती इंचाची, ते मला आजही पाठ आहे.

मला पुढचं नाव येत नव्हतं, गणूलाही नाही. मांडवात सगळे थांबले होते, म्हणून मी फेडर वर केला आणि एक गाणं लावलं. पोरं नाचायला लागली. आयने बोट खाली घेतलं.