तळाला बस्त्याव

४ मे, रविवार
पुन्हा तेच काम. कॅनडातल्या वेबसाइटसाठी आइस हॉकीतले सगळ्यात वाईट करार निवडायचे. खेळाडूचं वय, दुखापत, किती वर्षं शिल्लक, दुसरा कुठला संघ घेईल का. गुण मी लावायचे, लेखाखाली नाव तिकडच्या कुणाचं तरी. देवबागात बर्फ बघायचा तर मासळीच्या पेटीत. पण खुबा गेलेला माणूस किती वर्षं संघाच्या गळ्यात पडणार, ते मी आता डोळे मिटून सांगते. कौतुक नाही त्यात, पोट आहे.

दादा, माझा थोरला भाऊ, चहाला आला. "गो, त्या बर्फावरच्यांका मार्क दितंस, तसे माझ्या टीमका दी." होमस्टे, पर्यटकांच्या होड्या आणि गावच्या लीगमधली टेनिस बॉल क्रिकेटची टीम, तिन्ही दादाची. गंमत म्हणून लावले, त्याच मापाने.
तळाला बस्त्याव, टीमचा बॉलर. दुसरा कुणी जवळपाससुद्धा नाही.

६ मे, मंगळवार
दादा खूश. गुण मोबाइलवर मागून घेतले. का हवेत, विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बस्त्यावचा करार कागदावर नाहीच. आमच्याकडे कुणाचाच नसतो. देवळात नारळ ठेवून गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, बस्त्याव तीन वर्सा आमच्या टीमीत खेळतलो, दादा तेका काम आणि खोली दितलो, सांभाळतलो." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. बस्त्याव टोपी काढून बाहेर पायरीशी उभा होता. वर त्याने आपल्या क्रुसाकडे मेणबत्तीही लावली. म्हणजे दोन्हीकडून पक्कं.
पहिल्या वर्षी त्याच्या बोलिंगवर कप आला. मग पावसाआधी दादाची होडी वर ओढताना खांदा गेला. यंदा हात डोक्यावर जात नाही.
दुखापतीचे गुण मी कापले. कुणाच्या कामात झाली, असा रकाना आमच्या मापात नाही.

८ मे, गुरुवार
टीमचं जेवण. कोंबडी-वडे. दादाने माझे गुण सगळ्यांसमोर वाचले. हशा. बस्त्यावसुद्धा हसला, "माका ठावक होता." त्याची बायको रोझी हसली नाही. वाढता वाढता थांबली आणि आत गेली.
मग दादा, त्याच सुरात: आचऱ्याचा डावखुरा बॉलर मिळतोय, त्याला बस्त्यावची खोली लागेल. "मी म्हणूक नाय. हिचो हिशोब म्हणता. कॅनडावाले हिचा आयकतत, मगे आमी कित्याक नाय?"
आता कोणी हसेना. लाज वाटली, आणि रागही आला. दादाचा कमी, माझाच जास्त.

१२ मे, सोमवार
गाऱ्हाण्याने बांधलेलं देवाला विचारल्याशिवाय सुटत नाही. सकाळी कौल. गुरवाने देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावल्या. विचारलं, बस्त्यावचो शब्द मोडूचो काय? उजवी पडली तर होकार.
डावी पडली. लगेच.
मला इतकं बरं वाटलं की तिथेच बसावंसं वाटलं. दादा परत येताना गाडीत म्हणाला, "प्रश्न चुकीचो घातलो."

१४ मे, बुधवार
पुढच्या सोमवारी पुन्हा कौल. या वेळी "मोडूचो काय" नाही विचारायचं. "तेका मोकळो करूचो काय" असं विचारायचं. गुरव म्हणाला, चालेल, पण देवळाच्या मानकऱ्यांना आधी कारण पटायला हवं. कारण कोण सांगणार? मी.
नाही म्हटलं. दादा म्हणाला, "गुण तूच लावलंस मा?"

१८ मे, रविवार
दुपारी बस्त्याव आला. ओट्यावर टेकला, आत ये म्हटलं तरी आला नाही. मला वाटलं रागवेल, निदान हात जोडेल. त्याने हॉकीचंच विचारलं.
"बाय, त्या बर्फातलो जो सगळ्यात वायट, तेचा काय झाला?"
म्हटलं, खेळत नाही. घरी बसतो.
"आणि पगार?"
"येतो. करार संपेपर्यंत. काढून टाकलं तरी बराचसा द्यावा लागतो."
तो म्हणाला, "मगे तो करार वायट कोणाक?"
टोमणा नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. मला इतकी वर्षं हे काम करून हा प्रश्न पडला नाही.
जाताना सांगून गेला, रोझीने सामान बांधायला घेतलंय. कुठे जाणार ते ठरलं नाही. तिच्या भावाकडे गोव्यात जागा नाही.

१९ मे, सोमवार
पहाटेच उठून हॉकीवाले आणि दादाची टीम एकाच यादीत घालून गुण परत लावले. संघाची बाजू सोडून दिली. खेळाडूने काय दिलं, त्याला काय मिळालं, एवढंच बघितलं. वाटलं, यादी उलटेल आणि बस्त्याव वर येईल. मानकऱ्यांना तेच सांगेन, असं मनात धरलं होतं.
हॉकीवाले एकूण एक वर सरकले. गुडघेवाले, खुबेवाले, घरी बसलेले, सगळे. बस्त्याव हलला नाही. खांदा दिला, बदल्यात एक खोली, तीही जातेय. मालकाच्या बाजूने बघा की त्याच्या बाजूने, तळाला तोच.
हे देवळात सांगितलं तर दादा म्हणेल, बघा, ही आजही तेच म्हणते. नाही सांगितलं तर पहिलेच गुण खरे ठरतात.
दादाची गाडी दारात आली आहे. मी साडी बदलली. तो हॉर्न वाजवतोय आणि मला अजून पहिलं वाक्य सुचलेलं नाही.