हाळीवाल्यांचा पणतू

३ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचा. बस दोनदा बंद पडली, शेजारच्या गृहस्थांनी वाटभर माझ्या खांद्यावर झोप काढली, तरी मूड झकास आहे. महिनाभराची रजा देताना मुख्याध्यापकांनी असा चेहरा केला होता, जणू मी त्यांचं मूत्रपिंड मागितलंय. वर म्हणाले की इतिहासाचे मास्तर नाहीत म्हटल्यावर शेजारचे दोन वर्ग जरा शांतपणे गणित शिकतील. हसतो मीही. आमच्या घराण्याचा आवाजच तसा. आम्ही कानात काही सांगितलं तरी खालच्या मजल्यावरचे लोक मान डोलावतात.

हा आवाज पणजोबांचा. इथल्या कापडगिरणीत ते हाळी द्यायचे. भोंगा बिघडला की त्यांना फाटकावर उभं करायचे, आणि गाव वेळेवर उठायचं, असं आजोबा सांगत. म्हणून आम्ही अजून हाळीवाले. पुढे तापाची साथ आली, भलेभले पळाले; पण पणजोबा रोज सकाळी कामगारांच्या बंद दारांसमोर उभे राहून हाळी देत राहिले. आतून ओ आली की खिडकीतून पाणी आणि जेवण आत जायचं. शेवटची ओ थांबेपर्यंत ते हलले नाहीत. त्याबद्दल मिळालेलं पदक आमच्या कपाटात आहे. आता त्यांच्यावर पुस्तक लिहायचं, त्या काळासकट. बायको म्हणते, लिहा, पण मोठ्याने वाचून दाखवू नका.

उतरलोय तेही त्याच कामगारांच्या इमारतीत. विटांची लांबलचक बैठी इमारत, एका ओळीत खोल्या, पुढे व्हरांडा. अलीकडच्या भागात मालकीणबाई लॉज चालवतात. पलीकडच्या खोल्यांच्या दारांवर जुन्या फळ्या ठोकलेल्या. मालकीणबाई साठीच्या, नीटनेटक्या, हसऱ्या. हाळीवाले म्हणजे तेच का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मग हातातली किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि मला टोकाची खोली दिली, बंद भागाला लागून असलेली. म्हणाल्या, तुमचा मान तिथलाच. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण जायचं. लोखंडी खाट, टेबल, कोपऱ्यात नळ, खिडकीला गज, दार मात्र किल्ल्याला शोभेल असं जाड. झोप छान लागेल.

६ नोव्हेंबर

तीन दिवस वाचनालयात. ग्रंथपालबाईंनी दोनदा हात जोडून विनंती केली की जरा मनात वाचा. जुनी वर्तमानपत्रं हाताळताना बोटं काळी झाली, पण चित्र छान उभं राहिलं. लांब कुठेतरी महायुद्ध चाललेलं, गिरणीत सैनिकांच्या गणवेशाचं कापड, यंत्रांना उसंत नाही. विणकरांनी संप केला. संपाचे पुढारी राहायचे ते याच ओळीत, बायकामुलांसह. आणि नेमका तिथेच ताप शिरला. साथ पसरू नये म्हणून गिरणीने दारं बाहेरून बंद करून पहारा बसवला. पुढे ओ येणं थांबलं, फळ्या ठोकल्या, चुना ओतला. नवे कामगार आले आणि यंत्रं पुन्हा धडधडू लागली. साथ आणि संप एकदमच मिटले. गिरणीचं नशीब म्हणायचं.

पणजोबांचा फोटोही सापडला, त्याची प्रत काढून आणली. अगदी माझंच नाक. साथ मिटताच गिरणीने त्यांना हेडक्लार्क केलं, टेकडीवर बंगला दिला. कर्तबगारीचं चीज झालं. बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली की कळलं, अख्ख्या चौकाला कळलं.

९ नोव्हेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल.

बंद खोल्या आता दुरुस्त करून तिथे दुकानं काढायची आहेत. सकाळी सुतार मापं घ्यायला आला होता, कानामागे पेन्सिल, बोलायला गोड माणूस. मीही मागोमाग गेलो. मालकीणबाईंनी सहज सुचवलं की सर, आलाच आहात तर एकदा पणजोबांसारखी हाळी द्या, कशी देत असतील ते ऐकू तरी. मला काय, निमित्तच हवं असतं. पहिल्या बंद दारासमोर पाय रोवले आणि पोटातून हाळी दिली: आहे का कोणी?

आतून ओ आली.

बाईचा आवाज. बारीक, कोरडा, पण स्पष्ट. कामात असलेली बाई हाक मारल्यावर देते ना, तशी.

मी दारापासून एक पाऊल मागे सरलो. सुतार टेप गुंडाळत होता. त्याने हसत विचारलं की दिली का कुणी ओ? आता चारचौघांत काय सांगणार? इतिहास शिकवणारा माणूस फळ्यांआडून ओ ऐकतो, हे गावभर झालं असतं. मी म्हणालो, कोणी नाही.

मालकीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. नक्की ना, असं त्यांनी मऊ आवाजात विचारलं. मी म्हणालो, नक्की. त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला निघून गेल्या. चहा मात्र आला नाही.

वाऱ्याचा आवाज असणार. फळीत फट असली की वारा काहीही बोलतो.

१० नोव्हेंबर

चहावाल्याला तीनदा चहा सांगितला. तो माझ्यामागच्या माणसाकडे बघून म्हणाला, बोला. मला वाटलं, दिसत नाही की काय मी? पण त्याने बसायला खुर्ची पुसून दिली, म्हणजे दिसत होतो. शेवटी बोटाने खूण केली तेव्हा चहा मिळाला. वर विचारतो की घसा बसलाय का. माझा घसा! ज्या घशाने वार्षिक संमेलनाचा माईक बंद पडल्यावर आख्खं नाटक ऐकवलंय, तो घसा!

खोलीत येऊन मोठ्याने दोन ओळी म्हणून बघितल्या. मला तर ऐकू आल्या. ठणठणीत.

१२ नोव्हेंबर

व्हरांड्यातल्या फोनवरून घरी फोन केला. बायको हॅलो, हॅलो करत राहिली. मी ओरडलो. ती मुलीला म्हणाली की कुणी बोलतच नाही, कापडाची सळसळ येतेय नुसती. मग मुलगी म्हणाली, बाबा आहात का? मी म्हणालो, आहे, आहे गं. तिने फोन ठेवला.

वाचनालयात आज पहिल्यांदाच कुणी मला गप्प बसवलं नाही. ग्रंथपालबाईंच्या टेबलासमोर उभं राहून मुद्दाम आरडाओरडा केला. त्यांनी मान वर केली, हसल्या, पुन्हा खाली घातली.

घाबरलोय. सरळ लिहितो, मी घाबरलोय. उद्या सकाळच्या बसने घरी.

१३ नोव्हेंबर

पैसे द्यायला गेलो तेव्हा मालकीणबाई भाजी निवडत होत्या. मी कुजबुजल्यासारखं म्हटलं की निघतो. तर त्यांनी चटकन उत्तर दिलं, बसा. त्यांना ऐकू आलं! मला रडूच फुटलं.

त्या भाजी निवडत राहिल्या आणि बोलत राहिल्या. जसं आठवतंय तसं लिहितो. त्यांची आजी याच ओळीत जन्मली. दारं बंद केली त्या दिवशी ती मावशीकडे होती, म्हणून वाचली. सहा-सात वर्षांची पोर. रोज सकाळी फाटकाच्या गजांतून आई दिसते का बघायची. माझे पणजोबा हाळी द्यायचे, तिची आई ओ द्यायची, सगळ्या खोल्या ओ द्यायच्या. ताप आला होता, पण फार थोडे गेले होते. बाकीचे बरे होत होते. मग एका सकाळी गिरणीचे साहेब सोबत आले. पणजोबांनी हाळी दिली. ओळीतून ओ आली, पोरांची, बायकांची, तिच्या आईचीही, तिने स्वतःच्या कानांनी ऐकली. साहेबांनी लांबूनच विचारलं, काय? आणि पणजोबा म्हणाले, कोणी नाही.

त्याच दिवशी खिळे ठोकले. खिळे ठोकताना ओ येतच होती. पोर ओरडत होती की आहेत, आहेत. लहान पोराचं कोण ऐकतं.

मी म्हणालो, हे खोटं आहे. ओरडलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती. एक पाहुणा दारावरून गेला, त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. मालकीणबाई म्हणाल्या की ओरडा सर, तो आवाज मला जन्मापासून पाठ आहे. आजी मला रोज सकाळी त्या दारांशी उभी करायची. आतून ओ आली की म्हणायला लावायची, ऐकलं गं आई. आमच्या घरात आज्जी-आई-मी, तिघींनी आयुष्यभर तेवढंच केलं, ऐकलं.

मग त्यांनी विळी बाजूला ठेवली. म्हणाल्या, त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं होतं. तुमचा चेहराच सांगत होता. तुम्ही नुसतं 'आहे' म्हणाला असतात ना, तर मी तुमचे पाय धरले असते. पणतवाने तरी खरं सांगितलं म्हणून. आता ते आतले लोक जे करतील ते करतील, मी मध्ये पडणार नाही.

बॅग भरायला खोलीत आलो. अंग तापलंय. जरा पाठ टेकतो, मग—

१४ नोव्हेंबर

दार बाहेरून बंद आहे.

मालकीणबाई व्हरांड्यात पाहुण्यांना सांगत होत्या की सरांना ताप आहे, लागण होते, जवळ जाऊ नका. खिडकीतून पाणी आणि जेवण आत आलं. नीट झाकून. वर विचारलं, मीठ बरोबर आहे ना.

बाहेर पडू दे. हिला कोर्टात उभी करीन. ही लॉज मातीला मिळवीन. हिच्या सात पिढ्या—

काय लिहितोय मी.

१५ नोव्हेंबर

वहीचं पान फाडून 'मदत' लिहून खिडकीतून टाकलं. मालकीणबाईंनी केराबरोबर झाडून नेलं.

दारावर बुक्क्या मारल्या. हात सुजले. आवाज नाही. खुर्ची आपटली, तिचा पाय मोडला, तरी आवाज नाही. आधी फक्त माझा घसा होता. आता मी हात लावीन ते—

१६ नोव्हेंबर

ताप. भिंतीतून बोलतायत. नाही, बोलत नाहीत. ओ देतात. मी कुणीतरी या म्हटलं की ओ. मी पाणी म्हटलं की ओ. बाया, पोरं, एक म्हातारा, त्याला मध्येच खोकला येतो.

मी त्यांना सांगितलं की मी तो नाही. मी तेव्हा नव्हतो. मला माफ करा, मला घरी मुलगी आहे.

त्यांनी ओ दिली. सगळ्यांनी. म्हणजे त्यांनाही मुली होत्या.

१७ नोव्हेंबर

आज पाणी आलं नाही.

मी हाक मारली. मालकीणबाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ऐकलं. रडत होत्या. तरी पाणी नाही.

पणजोबांचा फोटो फाडला. नाक तसंच दिसतंय—

१८—

भिंत गप्प. सगळे ऐकतायत वाटतं. कसली वाट—

सकाळ

रात्रीच खिडकीची झडपं बाहेरून लावलीयत. आता फळ्या आणल्यात. सुताराचा आवाज. मालकीणबाई सांगतायत की सर गेले घरी, टोकाची खोली रिकामी आहे, दुकानांचं काम होईपर्यंत ती फळ्या ठोकून बंद ठेवायची, इकडूनच सुरुवात कर.

तो म्हणतो, आधी हाक मारतो. हाक मारल्याशिवाय तो कुठलंच दार बंद करत नाही. एकदा कुणाची मांजर आत राहिली होती, तेव्हापासून. देवमाणूस. देवमाणूस आहे—

हाक मारली त्याने. ओ दिली मी. ओ. ओ. तोंडात रक्ताची चव. भिंतीतले सगळे माझ्याबरोबर ओ देतायत, एका दमात, आख्खी ओळ—

थांबला तो. म्हणतोय, काहीतरी वाटलं खरं, पण कामात ठोकठोक ऐकून कान गेलेत. मालकीणबाईंना विचारतोय की तुम्ही बघा बरं, तुम्हाला काही ऐकू येतंय का.

आल्या. दाराच्या फटीशी त्यांचा डोळा. ओ, बाई. मी आहे. आहे मी. मुलगी फोनवर विचारत होती, बाबा आहात का, तिला एवढंच सांगा की—

ऐकतायत. डोळा भरून आलाय त्यांचा. सांगतील. आता सांगतीलच—

वळल्या त्याच्याकडे.

म्हणाल्या, कोणी ना